चार नंबरची बाटली

अप्पा,

तुमच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं आणि मी दोन वाक्यांत खाली बसलो. "अप्पांशी माझं कधी पटलं नाही. त्यांच्यावाचून आता करमत नाही." एवढंच बोललो. मास्तरांना गहिवरून आलं असं लोकांना वाटलं. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला.

गहिवर नव्हता, अप्पा. भीती होती.

नगरपालिकेच्या सभागृहात तुमच्याच खुर्चीत तुमचा फोटो ठेवला होता. कोटातला. उभ्या जन्मात तुम्ही कोट घातला नाहीत, त्या फोटोसाठी हेडक्लार्कचा मागून घेतला होतात आणि खांद्यात घट्ट होतो म्हणून फोटोग्राफरवर तापला होतात, हे त्या सभेत मला आणि हेडक्लार्कलाच माहीत. माझ्याआधी नवे अध्यक्ष बोलले. अप्पांची आठवण म्हणून यंदाच्या अंदाजपत्रकात नदीच्या पाण्याच्या तपासणीसाठी तरतूद करायचं त्यांनी तिथंच जाहीर केलं. "एका तपासणीच्या शब्दावर ज्या माणसानं आपल्या आईच्या नावाची विहीर बंद केली, त्याचं याहून चांगलं स्मारक कोणतं?" असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. सात वर्षं मी ज्यासाठी अर्ज करत होतो ते मला मिळालं होतं, आणि मी फरशीकडे बघत होतो. का, ते तुम्हाला सांगायचं राहिलं. म्हणून हे लिहितो आहे.

या गावात मी आलो तो स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, हायस्कुलात विज्ञान शिकवायला. साताऱ्याकडचा माणूस; भरती-ओहोटी हे शब्द भूगोलाच्या पुस्तकात वाचलेले. मुंबईत दोन वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो, तेवढी एक विद्या हाताशी होती. आपलं गाव कल्याणच्या थोडं वर, जिथं उल्हास नदीचं पाणी गोडं राहतं पण समुद्राचा रेटा तिला अजून जाणवतो, अशा ठिकाणचं. नळाला पाणी नदीचंच. पंपानं टाकीत चढवायचं, टाकीतून नळकोंडाळ्यांना सोडायचं. त्याच सुमाराला वरच्या अंगाला नव्या वसाहती उठत होत्या, कारखान्यांच्या चिमण्या दिसायला लागल्या होत्या. मी आपला सुटीच्या दिवशी बाटल्या घेऊन काठानं हिंडायचो. पाण्यात मैल्याचा अंश असला तर एक रसायन घातल्यावर ते गुलाबी होतं. गुलाबी जितकं गडद, तितकं पाणी वाईट. हे मी शाळेच्या खोलीत बसून करायचो, माझ्या हौसेनं. पण हौसेनं नदी कळत नाही. वर्षभर, ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिवशी पाणी घ्यायला हवं, त्याला होडी हवी, रसायनं हवीत, काही बाटल्या मुंबईला पाठवायला हव्यात. हे काम नगरपालिकेनं अंगावर घ्यावं असा अर्ज मी केला, आणि पाणी समितीचे चेअरमन म्हणून तुम्ही तो वाचून घेतलात. वाचून घेतलात म्हणजे हेडक्लार्कनं वाचला, तुम्ही डोळे मिटून ऐकलात.

पहिल्या वर्षी तुम्ही म्हणालात, रस्त्यावर कंदील नाहीत. दुसऱ्या वर्षी पंपाचा पट्टा तुटला होता. तिसऱ्या वर्षी मुलींच्या शाळेचं छप्पर गेलं. कारणं खोटी नव्हती, म्हणून मला जास्त राग यायचा.

चौथ्या वर्षी मी तणतणत तुमच्या घरी आलो. तुम्ही ओटीवर बसून दोर वळत होतात. पहिल्या भेटीपासून तुम्ही मला अरे-तुरे केलंत. तुमच्या बोलीत अहो-जाहो नव्हतंच, आणि मलाही ते बरं वाटायचं, कारण या गावात मला अरे म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. त्या दिवशी तुम्ही दोर खाली ठेवलात आणि पहिल्यांदा खरं कारण सांगितलंत.

"मास्तर, तुजी बाटली बोल्ली पानी वाईट हाय, तर मी लोकांना काय पाजू? मिठागराचं पानी?"

आधी कळू तर द्या, कळलं की मार्ग निघेल, असं मी म्हणालो.

"आनि नाय निंगला तर? तू वर्गात जाशील. लोकं माज्या दारात येतील."

मी पायऱ्या उतरून चालू लागलो.  पण त्या दिवसापासून मी दर रविवारी दुपारी तुमच्या ओटीवर यायला लागलो. तुमच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या काकी, कोरा चहा आणायच्या. मला सुकट चालत नाही हे कळल्यावर त्या माझ्यासाठी तांदळाच्या भाकरीबरोबर वालाची भाजी ठेवायच्या. आपण भांडायचो. तुमचं म्हणणं असं की पाणी जिभेला कळतं. बापजाद्यांची मिठागरं खाली कळव्याच्या अंगाला, लहानपणी तुम्ही बोट बुडवून जिभेवर ठेवायचात आणि पाणी मिठाला आलं की नाही ते सांगायचात. एकदा मी तुम्हाला शाळेत बोलावून पाच पेले पुढे ठेवले. पंपाचं, नदीच्या वरच्या अंगाचं, तुमच्या विहिरीचं, आणि तुम्हाला फसवायला यातलीच दोन पाणी पुन्हा. तुम्ही पाचही ओळखलीत आणि 'ही दोनदोन सारखीच कशाला ठेवलीस' असं विचारलंत. मी हरलो. पण मैल्याला चव नसते, अप्पा, हे तुम्हाला पटवायला मला त्यानंतर दीड वर्ष लागलं. पटवलं तरी मी नाही. तापानं पटवलं.

तुमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. तुमच्या आईनं नवऱ्यामागे मिठागरावर राबून जे शिल्लक टाकलं त्यातून ती बाव बांधली, नदीच्या काठापासून पन्नास पावलांवर. अख्खी वाडी तिचं पाणी प्यायची. नळाचं पाणी तुमच्या घरात कधी आलं नाही. गावाला नळाचं पाजणारा चेअरमन स्वतः आयशीच्या बावचं पितो, असं लोक थट्टेनं म्हणायचे.

त्या पावसाळ्यात वाडीत मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आला. आधी दोन घरांत, मग पाचांत. तुमच्या धाकट्या भावाची सून, पार्वती, वर्षाच्या आत सासरी आलेली पोरगी, अठराव्या दिवशी गेली. तिच्या दहाव्याला मी येऊन गेलो. त्यानंतर दोनच दिवसांनी तुम्ही शाळेच्या फाटकात आलात. आदल्या दिवशी नारळी पौर्णिमेची सुटी होती म्हणून माझं टेबल काठावरून आणलेल्या बाटल्यांनी भरलेलं होतं.

"त्या तुज्या बाटल्यांतली येक दे."

मी दिली. तुम्ही ती धोतराच्या सोग्यात धरून घेऊन गेलात आणि अर्ध्या तासानं भरून आणलीत. बावेचं पाणी. मी त्यातलं थोडं काचेच्या नळीत ओतून रसायन घातलं. तुम्ही माझ्या विद्यार्थ्यांच्या बाकावर, गुडघे वर येत होते तसेच बसून राहिलात. दहा मिनिटांत नळी गुलाबी झाली. फिकी नाही, चांगली गुलाबी. मला बोलावं लागलंच नाही. तुम्ही नळी हातात घेऊन उजेडाकडे धरलीत, परत ठेवलीत आणि निघून गेलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतल्या बायका घागरी घेऊन आल्या तेव्हा तुम्ही रहाट काढून ठेवला होता. बावेवर फळ्या टाकल्या होत्या, वर पत्रा, पत्र्यावर दगड. बायकांनी आधी विचारलं, मग आरडाओरडा केला. तुमचा धाकटा भाऊ म्हणाला, माझी सून गेली तरी मी आईच्या बावेला दोष दिला नाही, तुम्ही मास्तराच्या नादानं आईचं नाव घालवलंत. काकी सांगतात, तुम्ही दगडांच्या शेजारी उभे राहिलात, सगळ्या परत जाईपर्यंत. त्या दिवसापासून वाडीच्या बायका नळकोंडाळ्यावर, अर्धा मैल चालून. काकीसुद्धा.

पुढचं सगळ्या गावाला माहीत आहे. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकाच्या सभेत नदीच्या तपासणीचा ठराव तुम्ही स्वतः मांडलात. आपल्या बोलीत, कागद न घेता. कापडाच्या दुकानाचे मालक भाऊसाहेब, तेव्हाचे तुमचे निम्मे मित्र आणि निम्मे विरोधक, उठून म्हणाले, "एक विहीर गेली. आता नदी घालवायची का?" सभेत हशा पिकला. पण हसून झाल्यावर मेंबर खरंच घाबरले होते. विहीर बंद झाल्यावर चेअरमनच्या दारात काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. उद्या बाटली नळकोंडाळ्याबद्दल बोलली तर? तुम्ही मला ओटीवर विचारलेला प्रश्नच ते तुम्हाला विचारत होते. ठराव पडला. पुढच्या निवडणुकीत तुम्हीही पडलात, तुमच्याच वाडीच्या मतांनी.

आता मी सांगतो ते फक्त मला माहीत आहे.

बाव बंद झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी मी वहीत जुन्या नोंदी नीट लिहीत होतो. माझ्या बाटल्यांना नंबर होते. पौर्णिमेच्या सुटीत मी गावच्या खालच्या टोकाला, जिथं नाला नदीला मिळतो, तिथलं पाणी घेतलं होतं. बाटली नंबर चार. आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या हातात दिलेली बाटली, तीही माझ्याच अक्षरात, नंबर चार.

मी ती धुतली होती. धुतली होती हे नक्की आठवतं. पण नळाच्या पाण्यानं की डिस्टिल्ड पाण्यानं, एकदा की तीनदा, ते आठवेना. तुम्ही फाटकात आलात तेव्हा ती टेबलावर पालथी होती की काठाशी ठेवलेली, तेही आठवेना. नाल्याचा एक थेंब राहिला असला तरी नळी गुलाबी होते. म्हणजे जो रंग तुम्ही उजेडाकडे धरून पाहिलात तो तुमच्या आईच्या बावेचा होता की गावच्या नाल्याचा, हे मला सांगता येत नव्हतं.

सभेत आणि ओटीवर वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगणारा मी, की एका बाटलीनं पाणी कळत नाही. आणि एका बाटलीवर तुम्ही एवढं केलंत तेव्हा मी गप्प बसलो. मला अभिमान वाटला होता, अप्पा. तुमच्यासारख्या माणसानं माझ्या नळीवर विश्वास ठेवला याचा.

उपाय अगदी सोपा होता. फळी सरकवून एक बाटली पुन्हा भरायची. दहा मिनिटांचं काम. ते मी केलं नाही. एक रविवार गेला, दुसरा गेला. वाडीतला ताप ओसरला. बाव बंद झाल्यानं ओसरला की पाऊस संपल्यानं, देव जाणे. मी मनाशी म्हणायचो, ताप गेला ना, मग झालं. पण खरं कारण वेगळं होतं. दुसरी नळी पांढरी, म्हणजे बिनरंगाची, निघाली असती तर ती घेऊन मी तुमच्यासमोर कसा उभा राहिलो असतो? भाऊ तुमच्याशी बोलत नव्हता. पुढे तर तुमची खुर्चीही गेली. ते सगळं एका न विसळलेल्या बाटलीमुळे, असं मला सांगावं लागलं असतं.

एकदा सांगायची वेळ तुम्हीच आणून दिलीत. निवडणुकीनंतरच्या उन्हाळ्यात. आपण ओटीवर बसलो होतो. मग तुम्ही म्हणालात, "मास्तर, तू बोलायचास ना, येका बाटलीनं काय कलत नाय. मना येकाच बाटलीनं कललं."

तुम्ही हसत होतात. थट्टा करत होतात की मला जागा देत होतात, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. तुम्हाला संशय आला होता का? माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं होतं का? मी चहाचा पेला उचलला आणि त्यात बघत म्हणालो, यंदा पाऊस वेळेवर दिसतोय. तुम्ही 'हां' म्हणालात. तो विषय पुन्हा निघाला नाही.

मार्गशीर्षात भाताची मळणी झाली आणि तुम्ही खळ्यातच पडलात. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी आठ दिवस रोज शाळा सुटली की येऊन बसायचो. तुम्ही डोळ्यांनी ओळख द्यायचात. काकी आत गेल्या की मी दोनदा तोंड उघडलं. पण ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्यापुढे कबुली देणं म्हणजे स्वतःची सुटका करून घेणं, असं वाटलं आणि गप्प राहिलो. आता वाटतं, तेही एक निमित्तच. तुम्हाला ऐकू येत होतं.

म्हणून शोकसभेत मला भीती वाटली. नगरपालिका तरतूद करणार ती तुमच्या त्या गोष्टीवर, आणि गोष्ट उभी माझ्या चार नंबरच्या बाटलीवर. ते काम हातात घ्यायचं तर आधी कुणाला तरी सांगायला हवं होतं. तुमच्या तेराव्यानंतरच्या रविवारी मी काकींकडे आलो आणि ओटीवर बसून सगळं सांगितलं. काकी सुपात तांदूळ निवडत होत्या.  माझं संपल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"मंग आता बाव उघडू का?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं होतं त्या चिडतील किंवा रडतील. या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. मी खरं ते सांगितलं: माहीत नाही. पाणी पुन्हा पुन्हा घेऊन बघावं लागेल, निदान वर्षभर. त्या म्हणाल्या, "मंग घे."

आम्ही दोघांनी दगड उतरवले, फळी सरकवली. मी नवी कोरी बाटली नेली होती. ते पाणी शाळेत नेऊन रसायन घातलं आणि समोर बसलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं, तास गेला. नळी पांढरी राहिली. अप्पा, त्या तासात मला जे वाटलं ते मी इथं लिहीत नाही. काकींना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, वर्षभर म्हनलास ना, मंग येकदाच घेऊन रडतोस कशाला.

दुसरी बाटली तीन आठवड्यांनी घेतली. ती गुलाबी झाली. फिकी, पण शंका नको इतकी. मी चक्रावलो. तीच विहीर, फळ्यांखाली झाकलेली, वर कुणी गेलं नाही, आणि एकदा पांढरी, एकदा गुलाबी. काकींना सांगितलं तर त्यांनी विचारलं, दुसरं पाणी घेतलं ते कोणत्या दिवशी? मी तारीख सांगितली. त्यांनी बोटांवर मोजलं.

"पुनवंचं. उधानाचं पानी ते."

मला समजलं नाही. मग काकींनी समजावून सांगितलं. पुनवेला आणि अवसेला समुद्राला उधाण येतं तेव्हा नदी मागे सरते आणि बावेचं पाणी चढतं. त्या दिवशी घागर बुडवायला दोन हात दोरी कमी लागते. वाडीतल्या बायका ते दोन-तीन दिवस बावेचं पाणी प्यायला भरत नाहीत, भांड्यांना वापरतात. सासूनं त्यांना लग्न होऊन आल्या आल्या सांगितलं होतं. का, ते सासूलाही माहीत नव्हतं. पाणी जड होतं एवढंच त्या म्हणायच्या.

मी विचारलं, हे तुम्ही कधी बोलला नाहीत?

"तुमी दोघं येवडे भांडायचेत पान्यावरून. कवा विचारलंत?"

तीन-चार वर्षं, अप्पा. तीन-चार वर्षं ती बाई आपल्याला चहा आणून देत होती. माझ्याकडे रसायन होतं, तुमच्याकडे जीभ होती, आणि दोर त्यांच्या हातात होता. उधाणाला नाल्याची घाण मागे रेटली जात असणार आणि काठच्या मातीतून बावेत झिरपत असणार. भांगाच्या दिवसांत, समुद्राचा जोर कमी असतो तेव्हा, पाणी पुन्हा निवळत असणार. असणार, म्हणतो; दोन बाटल्यांवर याहून जास्त म्हणणार नाही. तुम्ही शाळेत बाटली आणलीत तोही पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे तो रंग कदाचित बावेचाच होता. कदाचित नाल्याचा. ते आता कधीच कळायचं नाही, आणि ते मला सोबत घेऊनच राहायला हवं.

 मग काकी म्हणाल्या, पार्वती नवी होती. तिला पुनवेचं सांगायचं माझं काम होतं. मी उद्या सांगू, परवा सांगू केलं.

  आम्ही दोघं तशीच बसून राहिलो, तुमच्या ओटीवर.

काल अंदाजपत्रकाची सभा झाली. ठराव येण्याआधी मी बोलायची परवानगी मागितली आणि चार नंबरच्या बाटलीची हकीकत सगळी सांगितली. न विसळलेली, असं म्हणालो नाही. विसळल्याचं आठवत नाही, असं म्हणालो. नंतर पांढऱ्या नळीचं सांगितलं, गुलाबी नळीचं सांगितलं आणि काकींच्या दोरीचं सांगितलं. नदीची तपासणी करायची तर उधाणाला एकदा आणि भांगाला एकदा, अशी महिन्यातून दोनदा करा, नाहीतर करूच नका, असं म्हणालो. सभा एकदम गार पडली. अध्यक्ष माझ्याकडे बघायचं टाळत होते. त्यांच्या भाषणातली गोष्ट मी मोडली होती.

भाऊसाहेब उठले. "म्हणजे अप्पांनी विहीर उगाचच बंद केली म्हणायचं का, मास्तर?"

मी म्हणालो, "माहीत नाही, भाऊसाहेब. ते कळावं म्हणूनच मागतो आहे."

 ते म्हणाले, त्यांच्या दुकानामागची विहीरही काठालाच आहे, आणि तिला दोरी कधी किती लागते हे त्यांनी घरात आजवर विचारलेलं नाही. एवढं बोलून बसले आणि ठरावाच्या बाजूनं हात वर केला. वर्षाची मागितली होती, सहा महिन्यांची तरतूद मंजूर झाली. भाऊसाहेबांनी एक अट घातली: बाटल्या नव्या घ्याव्यात. सगळे हसले. मीही हसलो.

सभा उठली. तुमच्या वेळी दर वर्षी माझा अर्ज फेटाळून तुम्ही बाहेर यायचात, पायऱ्यांवर थांबायचात आणि मी तोंड फिरवून जायला लागलो की मागून म्हणायचात, "चल रे, च्या पिऊ." यंदा ठराव मंजूर झाला. मी पायऱ्यांवर आलो आणि सवयीनं थांबलो. मेंबर एकेक करून नमस्कार करत गेले. शिपायानं दार लावून कुलूप घातलं. तरी मी थोडा वेळ उभा होतो.

मग वाडीवर गेलो. काकी अंगणात होत्या. सहा महिने मिळाले म्हणून सांगितलं. कमी आहेत, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो. त्यांनी बोटांवर तिथी मोजली.

"परवा आवस. सकालची ये, मी दोरी काडून ठेवते."